विश्लेषण : लिनक्सवर सॉफ्टवेअर नेमके येते कुठून? नवा ‘स्रोत’ जोडताना सावध का राहायचे?

‘विंडोज १०’ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. ‘विंडोज ११’च्या अटींत न बसणारे, पण अजून ठणठणीत असलेले लॅपटॉप अनेक घरांत आहेत. त्यांतल्या काहींवर लिनक्स मिंट किंवा उबंटू बसवून पाहिले जाते. बसवणे आता अवघड राहिलेले नाही. गोंधळ सुरू होतो दुसऱ्या दिवशी. एखादे सॉफ्टवेअर हवे असते. सवयीने संकेतस्थळावरचे ‘डाउनलोड’ बटण शोधले जाते, ते सापडले तरी उतरलेली फाइल चालत नाही. मग एखाद्या व्हिडीओत दाखवलेल्या किंवा चॅटबॉटने दिलेल्या तीन ओळी टर्मिनलमध्ये चिकटवल्या जातात, पासवर्ड दिला जातो आणि काम होऊन जाते. त्या तीन ओळींतली पहिली ओळ अनेकदा संगणकाला सॉफ्टवेअरचा एक नवा स्रोत जोडून देणारी असते. तिने आपण कोणाला कोणता अधिकार दिला, हे मात्र बहुतेकांना कळत नाही.

‘होय, मी सांगतो तसे कर!’

नोव्हेंबर २०२१मध्ये ‘लायनस टेक टिप्स’ या यूट्यूब वाहिनीचे लायनस सेबॅस्टियन यांनी रोजच्या वापरासाठी लिनक्स वापरून पाहण्याचा प्रयोग केला. संगणकांत मुरलेला माणूस. त्यांनी ‘पॉप ओएस’ ही प्रणाली निवडली आणि गेम खेळण्यासाठीचे ‘स्टीम’ हे सॉफ्टवेअर बसवायला घेतले. चित्रमय दुकानातून ते बसेना, म्हणून त्यांनी टर्मिनल उघडून ‘ॲप्ट’ या पॅकेज व्यवस्थापकाला सांगितले. पॅकेजांच्या परस्परावलंबनात त्या दिवसांत एक चूक राहून गेली होती. त्यामुळे ॲप्टने काढलेला मार्ग असा होता की, स्टीम बसवायचे तर डेस्कटॉपची कित्येक पॅकेजे काढून टाकावी लागतील. त्याने तशी लांबलचक यादी दाखवली, आपण काय करतो आहोत हे नीट ठाऊक असल्याशिवाय हे करू नये असा इशारा दिला आणि पुढे जायचे असेल तर ‘होय, मी सांगतो तसे कर!’ हे वाक्य इंग्रजीत अक्षरशः टाइप करायला सांगितले. सेबॅस्टियन यांनी ते टाइप केले. डेस्कटॉप गेला, उरला काळा पडदा.

या व्हिडीओवर मोठा वाद झाला. वापरकर्त्याने इशारा वाचायला नको का, असे एक बाजू म्हणत होती. गेम बसवणाऱ्या माणसासमोर असा प्रश्न यावाच का, असे दुसरी. दुसऱ्या बाजूचे म्हणणे ॲप्टच्या कर्त्यांनाही पटले असावे, कारण त्यानंतरच्या आवृत्त्यांत अत्यावश्यक पॅकेजे काढण्याचा मार्ग ॲप्ट आपणहून सुचवत नाही. तरीही या प्रसंगातली एक गोष्ट आजही तशीच आहे. लिनक्सवर एखादे सॉफ्टवेअर बसवणे ही त्या एका सॉफ्टवेअरपुरती घटना नसते.

पॅकेज म्हणजे काय?

विंडोजवर बहुतेक सॉफ्टवेअर आपला संसार बरोबर घेऊन येते. लागणाऱ्या छोट्यामोठ्या फाइलींची स्वतःची प्रत ते आपल्या फोल्डरात ठेवते. लिनक्सची पारंपरिक पद्धत एकत्र कुटुंबाची आहे. चित्रे उघडणारी, फाइल दाबून लहान करणारी, इंटरनेटवरचे संभाषण गुप्त ठेवणारी लायब्ररी संगणकावर एकदाच असते आणि शेकडो सॉफ्टवेअर ती वाटून वापरतात. फायदा उघड आहे. त्या लायब्ररीत सुरक्षेची त्रुटी सापडली की एकच पॅकेज बदलावे लागते आणि सगळ्यांचे काम भागते. तोटाही त्यातच आहे. एकाने हट्टाने नवी आवृत्ती मागितली की बाकीच्यांची अडचण होते.

हा ताळमेळ राखणे हे पॅकेज व्यवस्थापकाचे काम. पॅकेज म्हणजे सॉफ्टवेअरच्या फाइली, ‘मला अमुक गोष्टी अमुक आवृत्तीच्या लागतात’ ही यादी आणि बसवताना चालवायच्या काही सूचना यांचे गाठोडे. डेबियन, उबंटू आणि मिंट यांच्यात ‘डेब’ प्रकारची पॅकेजे असतात, फेडोरात ‘आरपीएम’. डेबियनची घोषणा ऑगस्ट १९९३मध्ये इयन मरडॉक यांनी केली. (मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन यांची नावे जोडून हे नाव तयार झाले.) आज उबंटू डेबियनवर उभे आहे आणि मिंटची मुख्य आवृत्ती उबंटूवर. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३च्या भांडारात जवळपास ७० हजार पॅकेजे आहेत. म्हणजे नवख्या माणसाला हवे असलेले सॉफ्टवेअर पुष्कळदा त्याच्या प्रणालीच्या स्वतःच्या दुकानात आधीपासून असते. व्हीएलसी, गिंप, लिबरऑफिस, ऑडॅसिटी यांच्यासाठी बाहेर जावे लागत नाही.

संगणक विश्वास कशावर ठेवतो?

लिनक्स संगणकात स्रोतांची एक यादी असते. कोणत्या सर्व्हरवरच्या कोणत्या भांडारातून पॅकेजे घ्यायची, हे तिच्यात लिहिलेले असते. ‘ॲप्ट अपडेट’ ही कमांड दिली (ती अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायची) की काहीही बसत नाही, फक्त प्रत्येक स्रोताकडून ताजी यादी येते. वाण्याकडून आज काय काय आले आहे हे विचारून येण्यासारखे. प्रत्यक्ष माल येतो ‘ॲप्ट अपग्रेड’ दिल्यावर. नावांमुळे हा घोळ नेहमी होतो आणि ‘अपडेट केले तरी जुनेच दिसते’ ही तक्रार त्यातूनच येते.

विश्वासाची साखळी या यादीपासून सुरू होते. भांडाराच्या मुख्य यादीवर ते चालवणाऱ्यांची डिजिटल स्वाक्षरी असते. त्या यादीत पॅकेजांच्या याद्यांचे हॅश, म्हणजे गणिती ठसे असतात आणि पॅकेजांच्या यादीत प्रत्येक पॅकेजाचा ठसा. एखाद्या पॅकेजातले एक अक्षर वाटेत कोणी बदलले तरी ठसा जुळत नाही आणि ॲप्ट ते नाकारतो. त्यामुळे पॅकेजे साध्या, कूटबद्ध नसलेल्या जोडणीवरून आली किंवा भलत्याच संस्थेच्या मिरर सर्व्हरवरून आली, तरी बिघडत नाही. स्वाक्षरी पडताळण्याची ही व्यवस्था डेबियनच्या २००७मधल्या ४.० आवृत्तीपासून रुळली.

इथे एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. स्वाक्षरी जुळली याचा अर्थ ‘माल त्यानेच पाठवला’ एवढाच होतो. त्याने पाठवलेला माल चांगला आहे का, हे स्वाक्षरी सांगत नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो ‘तो’ कोण, हा.

नवा स्रोत जोडला की काय घडते?

समजा, व्हिडीओ संपादनाच्या एका सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती हवी आहे आणि ती कोणा उत्साही माणसाच्या ‘पीपीए’त आहे. पीपीए म्हणजे उबंटूची कंपनी कॅनॉनिकल हिच्या ‘लाँचपॅड’ या सेवेवरचे वैयक्तिक भांडार. खाते उघडून असे भांडार कोणालाही करता येते. कॅनॉनिकलचे नाव जवळपास दिसते, म्हणून आतला माल कॅनॉनिकलने तपासलेला असतो असा समज होतो. तसे नसते.

आपल्या दृष्टीने आपण एका सॉफ्टवेअरसाठी एक दार किलकिले केले. ॲप्टच्या दृष्टीने मात्र बाहेरचे भांडार आणि उबंटूचे अधिकृत भांडार बहुधा एकाच पंक्तीत बसतात. दोघांनाही ५०० हाच प्राधान्यक्रम मिळतो आणि एकाच नावाचे पॅकेज दोघांकडे असेल तर वरच्या आवृत्तीचे निवडले जाते. उद्या त्या भांडाराच्या मालकाने संपादन सॉफ्टवेअरबरोबर एखाद्या मूलभूत लायब्ररीची स्वतःची, वरचा आवृत्ती क्रमांक दिलेली प्रत ठेवली, तर पुढच्या अपग्रेडला ती आपल्या संगणकात येऊन बसेल. शिवाय पॅकेज बसताना त्यातल्या सूचना ‘रूट’ म्हणजे सर्वोच्च अधिकाराने चालतात. संगणकावरची कोणतीही फाइल वाचण्याचा, बदलण्याचा अधिकार. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, आधार कार्डाची स्कॅन प्रत, मुलांचे फोटो, सगळे त्यात आले. आणि हे एकदाच होत नाही. जोवर स्रोत यादीत आहे, तोवर प्रत्येक अपग्रेडला होऊ शकते. आज भांडार प्रामाणिक माणसाच्या हाती असेल. दोन वर्षांनी त्याचे खाते कोणाच्या हाती असेल, हे आपण रोज तपासायला जात नाही.

पूर्वी ‘ॲप्ट-की’ या कमांडने बाहेरच्या स्रोताची किल्ली जोडली जाई. तशी जोडलेली किल्ली मग कोणत्याही स्रोतावरची स्वाक्षरी खरी ठरवू शके. हा प्रकार आता मोडीत काढण्यात आला आहे आणि प्रत्येक किल्ली ज्या-त्या स्रोतापुरती बांधून ठेवतात. पण त्याने वरचा मूळ प्रश्न सुटत नाही. किल्ली बांधली तरी तो स्रोत कोणती पॅकेजे देऊ शकतो यावर बंधन येत नाही. ते हवे असेल तर त्या स्रोताचा प्राधान्यक्रम हाताने खाली आणावा लागतो, म्हणजे ‘पिनिंग’ करावे लागते. जुने मार्गदर्शक लेख अजूनही ‘ॲप्ट-की’च्या ओळी देतात. अशी ओळ दिसली तर लेख शिळा आहे एवढे तरी नक्की समजावे.

हेतू वाईट नसतानाही घोटाळा होतो. प्रस्तुत लेखकाच्या घरच्या लॅपटॉपवर ग्राफिक्सची ताजी ड्रायव्हर पॅकेजे देणारा एक स्रोत जोडला होता. दोन वर्षे सुरळीत गेली. प्रणालीची पुढची आवृत्ती घ्यायची वेळ आली, तेव्हा त्या स्रोताने बसवलेल्या लायब्ररी नव्या आवृत्तीतल्या अधिकृत लायब्ररींच्याही पुढे निघून गेल्या होत्या. अपग्रेडर बाहेरचे स्रोत आपणहून बंद करतो, पण त्यांनी आधी बसवून ठेवलेली पॅकेजे जागच्या जागी राहतात. रविवारची अख्खी संध्याकाळ एकेक पॅकेज मागे आणण्यात गेली. त्या भांडाराच्या मालकाचा यात काही दोष नव्हता. त्याने पानावर तसे लिहून ठेवले होते, वाचले नव्हते आम्हीच.

मिंट वापरणाऱ्यांसाठी आणखी एक खाचखळगा आहे. मिंट २२चे टोपणनाव ‘विल्मा’ आहे, पण ते उभे आहे उबंटू २४.०४वर, जिचे टोपणनाव ‘नोबल’. बाहेरच्या स्रोताच्या ओळीत टोपणनाव असते. तिथे भलत्या आवृत्तीचे किंवा थेट डेबियनचे नाव घातले की दोन घरांची पॅकेजे एकत्र येतात आणि डोलारा केव्हा ढासळेल ते सांगता येत नाही.

असे गैरप्रकार प्रत्यक्षात घडले आहेत का?

हो. आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांनी चालवलेल्या ‘एयूआर’ या सामायिक संग्रहात जुलै २०२५मध्ये तीन पॅकेजे टाकण्यात आली. नावे फायरफॉक्स, लिब्रेवुल्फ आणि झेन या ब्राउझरांच्या दुरुस्त्या असल्यासारखी होती. प्रत्यक्षात ती संगणकाचा ताबा दूरवरून देणारे ‘केऑस रॅट’ हे घातक सॉफ्टवेअर उतरवत होती. दोन दिवसांत ती काढली गेली. त्याआधी २०१८मध्ये याच संग्रहातले सांभाळणारा कोणी न उरलेले, ‘अनाथ’ झालेले एक पीडीएफ वाचक पॅकेज एका खात्याने दत्तक घेतले आणि त्यात नको ते घुसवले. विश्वास जुन्या नावावर होता, माणूस मात्र बदललेला होता.

कॅनॉनिकलच्या ‘स्नॅप स्टोअर’मध्येही मे २०१८मध्ये साध्या खेळाच्या पॅकेजात आभासी चलन खणणारा कोड सापडला. २०२४च्या फेब्रुवारीत तर ‘एक्झोडस’ या वॉलेटचे नाव घेतलेल्या बनावट पॅकेजामुळे एका वापरकर्त्याचे सुमारे ९ बिटकॉइन गेले. त्या वेळच्या भावाने जवळपास ४ लाख ९० हजार डॉलर. दुकानातल्या पानावर ते पॅकेज सुरक्षित असल्याचे सुचवणारा मजकूर होता. त्याचा अर्थ ते बंदिस्त कप्प्यात चालते एवढाच होता. पण वॉलेट उघडण्याचे गुप्त शब्द वापरकर्ता स्वतःच टाइप करून देत असेल, तर कप्पा काय करणार?

अधिकृत भांडार तरी निर्धोक आहे का?

याचे उत्तर मार्च २०२४मधल्या ‘एक्सझेड’ प्रकरणात आहे. फाइल दाबून लहान करणारे हे साधन जवळपास प्रत्येक लिनक्स संगणकात असते आणि ते मुख्यतः एकच थकलेला माणूस सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोनेक वर्षे मदत करत विश्वास मिळवला, जबाबदारी मिळवली आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली. ती उघडकीस आली योगायोगाने. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचे एक विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. त्यांनी त्याचा माग काढला आणि २९ मार्च रोजी जगाला सावध केले.

बिघडलेली पॅकेजे तोवर डेबियनच्या चाचणी शाखांत आणि फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांत पोहोचली होती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत मात्र नाही. उबंटू २४.०४ची बीटा आवृत्ती, सर्व पॅकेजे नव्याने बांधण्यासाठी, एक आठवडा पुढे ढकलण्यात आली. ‘लिनक्सच्या दुकानात सगळे जुनेच मिळते’ ही नव्या वापरकर्त्याची पहिली तक्रार असते. त्या तक्रारीकडे या प्रकरणानंतर थोडे वेगळ्या नजरेने पाहायला हवे. स्थिर आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात. नवी वैशिष्ट्ये थांबवलेली असतात. त्या थांबण्याच्या काळात जगातल्या पुष्कळ डोळ्यांखालून पॅकेज गेलेले असते.

मग फ्लॅटपॅक आणि स्नॅप यांचे काय?

नवी आवृत्ती हवी, पण प्रणालीला धक्का नको, यासाठी हे दोन प्रकार आले. दोन्हींत सॉफ्टवेअर आपल्या लायब्ररी बरोबर घेऊन येते आणि कमीअधिक बंदिस्त कप्प्यात चालते. डिस्कवर जागा जास्त लागते, १२८ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर ती जाणवतेही. पण एकाच्या हट्टापायी सगळे घर हलत नाही. एखाद्याच सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती हवी असेल, तर बाहेरचा ॲप्ट स्रोत जोडण्यापेक्षा फ्लॅटपॅक घेणे बहुतेक घरगुती वापरकर्त्यांना सोयीचे जाईल, असे आमचे मत. त्यातही पारख हवीच. ‘फ्लॅटहब’ या दुकानात मूळ विकासकानेच ठेवलेल्या सॉफ्टवेअरवर पडताळणीची खूण असते. मिंट २२पासून खूण नसलेली पॅकेजे मुळात दाखवलीच जात नाहीत, ती पाहायची तर सेटिंग बदलावे लागते.

स्नॅपवरून मात्र भांडण आहे. उबंटू २२.०४पासून ‘ॲप्ट’ने फायरफॉक्स मागितला तरी मिळतो स्नॅप. वापरकर्त्याने एका दुकानात मागितलेली वस्तू दुसऱ्याच दुकानातून यावी हे अनेकांना रुचले नाही. क्रोमियम ब्राउझरबाबत असेच घडल्यानंतर मिंटने २०२०मध्येच, २०व्या आवृत्तीपासून, स्नॅप आपोआप बसणार नाही अशी तजवीज केली. उबंटूवर डेब स्वरूपातच फायरफॉक्स हवा असेल तर जानेवारी २०२४पासून मोझिला स्वतःचा ॲप्ट स्रोत देते. बाहेरचा स्रोत जोडायचाच तर तो असा असावा. सॉफ्टवेअर ज्यांचे, भांडारही त्यांचेच, आणि सूचना त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या.

मराठीसाठी बाहेर जावे लागते का?

नाही. उबंटूचे मराठी भाषा पॅकेज, लोहित आणि नोटो या मालिकांतले देवनागरी फाँट, मराठी शब्दतपासणीची ‘ॲस्पेल’ची यादी हे सगळे अधिकृत भांडारात आहे. टंकलेखनासाठी ‘आयबस’चे ‘एम१७एन’ हे पॅकेज घेतले की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक हे दोन्ही मराठी कळफलक मिळतात. बसवल्यावर एकदा लॉगआउट करून पुन्हा आत यावे लागते. ते न केल्यामुळे ‘मराठी चालत नाही’ असे ठरवून अनेक जण कुठल्याशा संकेतस्थळावरची स्क्रिप्ट चालवायला जातात.

आधीच जोडलेले स्रोत कसे पाहायचे?

उबंटूत ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मधल्या ‘अदर सॉफ्टवेअर’ या भागात आणि मिंटमध्ये ‘सॉफ्टवेअर सोर्सेस’मध्ये ही यादी दिसते. प्रत्येक ओळीपुढे थांबून हा कोणाचा, कशासाठी जोडला होता, ते सॉफ्टवेअर अजून वापरतो का, एवढे विचारावे. नुसती खूण काढल्याने त्या स्रोताकडून आलेली पॅकेजे जात नाहीत. मिंटमध्ये परक्या पॅकेजांची यादी दाखवून ती काढण्याची किंवा अधिकृत आवृत्तीवर आणण्याची सोय आहे. उबंटूवर पीपीएसाठी ‘पीपीए-पर्ज’ हे छोटे साधन तेच काम करते. एखादे पॅकेज कुठून येते अशी शंका असेल, तर ‘ॲप्ट पॉलिसी’ या कमांडपुढे त्याचे नाव दिले की सगळे स्रोत आणि त्यांचे प्राधान्यक्रम समोर येतात.

अपडेट करताना ‘स्वाक्षरी पडताळता येत नाही’ असा इशारा आला, तर तो घालवण्याची ओळ इंटरनेटवर चटकन सापडते. तीच सर्वांत घातक, कारण अशा काही ओळी त्या स्रोतापुरती पडताळणीच बंद करून टाकतात. किल्लीची मुदत संपली असेल तर ज्यांचा स्रोत आहे त्यांच्या संकेतस्थळावर नवी किल्ली असते. तिथे काहीच नसेल तर तो स्रोत काढलेला बरा. कोणतीही मोठी उलथापालथ करण्याआधी मिंटमध्ये असणारे ‘टाइमशिफ्ट’ चालवून प्रणालीची प्रत घ्यावी (उबंटूवर ते अधिकृत भांडारातून बसवता येते). डेस्कटॉप गायब झाला तरी मग दहा-पंधरा मिनिटांत मागे येता येते. मात्र टाइमशिफ्ट नेहमीच्या सेटिंगमध्ये घरच्या फोल्डरातले फोटो आणि कागदपत्रे धरत नाही. त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी घ्यावी लागते.